गुण आला म्हणूनच फसलो

मागच्या वर्षीच्या श्रावणात माझ्या जांघेत रुपयाएवढा लाल चट्टा उठला. कडेला बारीक पुरळ, मधली कातडी जरा साफ, आणि रात्री आडवं पडलं की अशी खाज की माणूस उठून बसेल. कोणी त्याला गजकर्ण म्हणतं, कोणी नायटा. यावल तालुक्यात आमची केळीची बाग. पावसापाण्यात कापणीच्या टोळीमागे दिवसभर ओल्या जीन्समध्ये फिरायचं, तर हे झालं नसतं तरच नवल.

पण जागा अशी, की घरात सांगायची सोय नाही. डॉक्टरपुढे दाखवायची तर त्याहून नाही. मेडिकलवर गेलो तेव्हा दोन बायका उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत मी उगाच टूथपेस्टची खोकी वाचत राहिलो आणि मग काउंटरवर वाकून हळूच म्हणालो, "खाजेवर काहीतरी द्या."

कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, त्याने एक शब्द विचारला नाही. मान न वळवता मागच्या कप्प्यात हात घातला आणि ट्यूब पुढे ठेवली. "तीन औषधं एकातच आहेत भाऊ. कायले डॉक्टरच्या घरी पैसे भरता? तीन दिवसांत साफ."

तीन दिवसही लागले नाहीत. पहिल्याच रात्री खाज थांबली, चौथ्या दिवशी लाली गेली. मी त्या माणसाला मनातल्या मनात दुवा दिला. औषध बोगस असतं, काही गुणच आला नसता, तर मी आठवड्यात सावध झालो असतो. गुण आला, म्हणून पुढचे दहा महिने फसत राहिलो.

ट्यूब बंद केली की आठ-दहा दिवसांत चट्टा परत यायचा, आणि दर वेळी थोडा मोठा होऊन. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. दिवाळीपर्यंत तो मांडीवर उतरला होता. आता मी नाव घेऊन ट्यूब मागायचो, एकदम दोन-दोन. खताच्या गोणीचा हिशेब वहीत लिहिणारा मी, पण या ट्यूबांचा लिहिला नाही. बारा-तेरा तरी झाल्या असतील.

पुढे ट्यूबनेही भागेना. आमच्या आठवडे बाजारात एक गाडी उभी राहते, टपावर भोंगा, "दाद, खाज, खुजली" अशी कॅसेट अखंड चालू. भोंग्याखाली उभं राहायची हिंमत होईना, म्हणून कांदे घ्यायचं निमित्त करून तीन चकरा मारल्या आणि चौथीला तीन डब्या उचलल्या, दीडशे रुपयांना. पिवळट मलम, कापराचा वास. डबीवर ना नाव, ना तारीख, ना कोणी बनवलं त्याचा पत्ता. "शुद्ध जडीबुटी," तो म्हणाला. त्याचाही दोन दिवस झक्क गुण आला. मग आग सुरू झाली, इतकी की मोटारसायकलवर नीट बसवेना.

तोपर्यंत बायकोला परकराच्या नाडीखाली, कंबरेभोवती, तसंच उठलं होतं. तीही लाजेने बोलली नव्हती. एकाच घरात, एकाच टॉवेलला अंग पुसून, आम्ही दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो. हे आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. सहा वर्षांच्या पोराच्या मानेवर गोल डाग दिसला, तेव्हा तिने माझी तीच ट्यूब त्याला लावली. डाग मानेवरून गालावर चढला. पोराच्या गालापुढे आमची लाज टिकली नाही, आणि आम्ही तिघं जळगावला त्वचारोग डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी डागाच्या कडेवर पात्याने हलकेच खरवडलं, पडलेला कोंडा काचेवर घेतला, त्यावर पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. राखाडी पसाऱ्यात फांद्या फुटलेले बारीक धागे. "ही बुरशी," ते म्हणाले. मग विचारलं, "काय लावत होता?" मी खिशातून ट्यूब काढली, तळापासून गुंडाळत आणलेली, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली. त्यांनी ती उलगडली, मोबाइलची बॅटरी लावली आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं, आणि तिसरं क्लोबेटासोल.

हे क्लोबेटासोल म्हणजे अंगाला लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. सोरायसिससारख्या कातडीच्या दुखण्यात डॉक्टर ते मोजून, थोडे दिवस देतात, तिथे त्याचं कामही आहे. बुरशीवर मात्र ते उलटं पडतं. खाज आणि लाली ही अंगाने बुरशीशी चालवलेली झुंज असते. स्टिरॉइड ती झुंजच बंद पाडतं. वरून सगळं शांत दिसतं आणि खाली बुरशी मोकाट पसरते. डागाची ओळखीची गोल कडसुद्धा पुसली जाते, मग डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. मला वाटलं, हे तर करपा पडलेल्या केळीच्या पानाला हिरवा रंग मारल्यासारखं झालं.

करपाही बुरशीच. मी दर वर्षी फवारणी करतो, बाटलीवरचा घटक वाचतो, बॅच बघतो, मात्रा मोजतो, एकच औषध सारखं मारत नाही, नाहीतर करपा त्याला दाद देईनासा होतो. त्या बाटल्यांतलं प्रोपिकोनॅझोल आणि माणसांना देतात ते इट्राकोनॅझोल एकाच घराण्यातली, हेही त्या दिवशी कळलं. झाडाला जी अक्कल लावतो ती स्वतःच्या कातडीला लावली नाही. ट्यूबवर डाव्या बाजूला लाल रेघ छापलेली होती. तिचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. 2018 मध्ये सरकारने अशी आणखी कितीतरी स्टिरॉइड मलमं या चिठ्ठीवाल्या यादीत घातली. इतके महिने ती रेघ मी रोज दोनदा बोटाखाली दाबत होतो.

डबीतल्या जडीबुटीबद्दल डॉक्टर एवढंच म्हणाले, की आत काय आहे ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, पण दोन दिवसांत जादू करणाऱ्या बिनानावाच्या मलमात जादू कशाची असते याचा अंदाज त्यांना आहे.

ट्यूब त्याच दिवशी बंद. आता आठ-पंधरा दिवस जास्त भडकेल, घाबरून परत तीच लावू नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. भडकलंच. दोन रात्री मी अंगणात पाण्याची बादली घेऊन बसून काढल्या. आधी सांगितलं नसतं तर तिसऱ्या रात्री नक्की मेडिकल गाठलं असतं.

लावायला दिलं ते नुसतं बुरशीचं मलम, त्यात बाकी काही मिसळलेलं नाही. लावण्याची रीतही तेव्हा प्रथम कळली. जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची. मलम डागावरच नाही, तर कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, उगाच थापायचं नाही. नंतर हात धुवायचे. आणि कातडी साफ दिसल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. मी आयुष्यात कुठलंच औषध बरं वाटल्यावर घेतलेलं नव्हतं.

आमचं फार पसरलेलं, म्हणून मला आणि बायकोला इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलही होत्या, भरल्या पोटी घ्यायच्या. पोराला त्यांनी वेगळं लिहून दिलं. मला दर सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायची सवय. शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा खाणाऱ्याला ती लागतेच. आम्ल कमी झालं तर ही कॅप्सूल अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनी विचारून काढलं म्हणून कळलं. मेडिकलवाल्याने हे कधी विचारलं असतं?

घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा झाला. जीन्स गेली, सैल सुती पायजमा आला. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात. खान्देशात ऊन तरी फुकट आहे. सगळ्यात मोठं भांडण करदोड्यावरून झालं. डॉक्टर म्हणाले, कायम घामाने ओला असलेल्या त्या दोऱ्यात बुरशी घर करते, काढून टाका. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बरं व्हायला अडीच महिने लागले. पोराचा गाल साफ झाला. माझ्या मांड्यांवर मात्र बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा पांढुरक्या रेघा राहिल्या आहेत. कातडी पातळ होऊन आतून फाटते त्या या खुणा, पूर्ण जाणार नाहीत.

मी ट्यूब घेऊन मेडिकलवर गेलो. तो म्हणाला, "तुम्हीच नाव घेऊन मागायचे ना भाऊ?" हे खोटं नव्हतं. पहिली त्याने दिली, बाकीच्या मी मागितल्या. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, पण त्याने विकल्याचा पुरावा हवा, म्हणजे बॅच नंबर लिहिलेलं बिल. एकाही खरेदीचं बिल माझ्याकडे नव्हतं. ते मागायचं म्हणजे काउंटरवर आणखी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मला तर तिथून पळायचं असायचं.

गेल्या कापणीला चहाच्या सुट्टीत बांधावर बसून मी हे सगळं टोळीतल्या पोरांना सांगितलं, मांडीवरच्या रेघाही दाखवल्या. आधी हसले. मग एकाने खिशातून ट्यूब काढली, ते पाहून दुसऱ्याने. चौघांकडे तीच निघाली. एकाने तर त्या दिवशी सकाळीच घेतलेली, सील शाबूत. परत करून येतो म्हणून तो तसाच मोटारसायकलकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबून मला विचारलं, "भाऊ, बिल लागतं का?"