2011 ची सेडान, 9 महिने, 11,400 किलोमीटर आणि डाव्या बाजूची एअरबॅग

फेब्रुवारीत पनवेलच्या एका डीलरकडून 2,10,000 रुपयांना घेतली. पेट्रोल, मॅन्युअल, मी तिसरा मालक. जपानी कंपनीची सेडान म्हटल्यावर इंजिनाबद्दल वेगळं सांगायला नको. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकट्या कंपनीचं दुखणं नाही.

मे महिन्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी साडेचार दिले असते. रत्नागिरीतल्या चढउतारांवर 11-12, हायवेला 16 चं अ‍ॅव्हरेज. डिकीत आंब्याच्या पेट्या मावतात. किरकोळ कामं निघाली. इंजिन माउंटिंग बसलं होतं, सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग थरथरायचं, त्याचे 4,600 गेले. मागच्या दाराचं बीडिंग कडक होऊन पहिल्याच पावसात पायाशी पाणी आलं, त्याचे 1,100. डावा लोअर आर्म, म्हणजे पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा, खड्ड्यात 'खट' वाजतो. 14 वर्षांच्या गाडीत रबर म्हणून जे जे असतं ते जातंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाडी घेतानाच 40 हजार बाजूला काढून ठेवले होते आणि वहीत दर खर्च लिहितो.

जुलैत एसी गार करेनासा झाला. दोनदा गॅस भरला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाले, "साहेब, कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड काढावा लागेल." मी समोरच उभा होतो. डॅशबोर्ड सैल करता करता ते थांबले आणि डाव्या बाजूच्या एअरबॅगकडे बोट दाखवून विचारलं, "ही कंपनीने परत मागवलेली ना? बदलून घेतलीत काय?"

मी ठामपणे हो म्हटलं. डीलरने दिलेल्या फाइलमध्ये सर्व्हिसचा कागद होता, त्यावर स्पष्ट लिहिलंय, 'एअरबॅग रिकॉल: काम पूर्ण'. ते वाचूनच मी निर्धास्त झालो होतो. तरी रात्री आरसीवरचा 17 अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. ड्रायव्हरची बाजू: पूर्ण. शेजारच्या सीटची बाजू: बाकी. दोन्ही बाजूंचे इन्फ्लेटर, म्हणजे धडकेत एअरबॅग फुगवणारे धातूचे डबे, वेगवेगळ्या वेळी परत मागवलेले. आधीच्या मालकाने पहिल्या पत्रावर काम करून घेतलं, दुसरं पत्र कुठल्या पत्त्यावर गेलं कोण जाणे. म्हणजे माझ्या फाइलमधला कागद खोटा नव्हता, अर्धा होता.

आणि त्या डाव्या सीटवर माझी आई बसते. 71 वर्षांची आहे. मागे बसली की घाटात तिला मळमळतं, म्हणून पुढे, खिडकी दोन बोटं उघडी, मांडीवर पिशवी आणि हातात लिंबू. पाच महिने ती त्या एअरबॅगसमोर बसत होती.

हे इन्फ्लेटर बनवणाऱ्या ताकाता या जपानी कंपनीचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल, पण गाडी जुनी घेणाऱ्याने त्यातली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागत राहिली, तापमान खालीवर होत राहिलं, की त्याच्या वड्या भुगभुशीत होतात. मग एअरबॅग उघडायची वेळ आली की तो माल नको तितक्या वेगाने जळतो, धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे बसलेल्या माणसाच्या अंगात घुसतात. एरवी ज्यातून माणूस खरचटून बाहेर पडला असता अशा साध्या धडकेतही हे झालंय. एकट्या अमेरिकेत दोन डझनांहून जास्त माणसं यात गेली, तिथे जवळपास 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि 2017 मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे जुलै 2016 मध्ये होंडाने एका वेळी 1,90,578 गाड्या याच कारणासाठी बोलावल्या होत्या, नंतर टोयोटानेही बोलावल्या.

उष्ण आणि दमट हवा. कोकणात वेगळं काय असतं? कपाटातल्या चपलांना बुरशी येते इथे.

आता कायदा बघा. 2012 पासून रिकॉलसाठी वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती. 1 एप्रिल 2021 पासून मोटार वाहन कायद्यात कलम 110अ लागू झालं, सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, 1 कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण सक्तीच्या रिकॉलसाठी गाडी 7 वर्षांच्या आतली लागते. इन्फ्लेटर जितका म्हातारा तितका धोकादायक, आणि सक्ती मात्र सातव्या वर्षी संपते. तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते आणि पत्र पहिल्याच्या घरी. ज्याच्याकडे सगळ्यात जुनी गाडी, त्याच्यापर्यंत कोणीच पोचत नाही. यावर मी आठवडाभर झोपलो नाही.

कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर, "2011 ची गाडी? त्याचा पार्ट आता येत नाही सर." दुसऱ्यांदा केला, "नवीन गाडी बघा ना, एक्स्चेंज बोनस चालू आहे." तेव्हा मी या गाडीला आणि कंपनीला एक तारासुद्धा द्यायला तयार नव्हतो. संकेतस्थळावरच्या 'बाकी' या शब्दाचा स्क्रीनशॉट, चॅसिस नंबर आणि दोन्ही फोनच्या तारखा घालून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, पार्ट मागवलाय म्हणून. तो यायला साडेपाच आठवडे लागले. तेवढे दिवस आई मागे. गणपतीत मामाकडे साखरप्याला जाताना दोनदा गाडी थांबवावी लागली. "मला पुढे बसू दे रे," म्हणाली, मी नाही बसू दिलं.

ओळखीच्या एकाने सांगितलं, कुर्ल्याहून जुनी एअरबॅग तीन हजारांत आणून देतो. अजिबात घेऊ नका. भंगारातल्या गाडीची एअरबॅग म्हणजे त्याच वयाचा, कदाचित तोच परत मागवलेला इन्फ्लेटर. काम कंपनीत फुकट होतं, एक रुपया लागत नाही.

फुकटवरूनही वाद झालाच. जॉब कार्डवर 'जनरल चेकअप 1,180' आधीच छापून आलं होतं. मी सही केली नाही. मॅनेजर आले, वीस मिनिटं बोलणं झालं, रक्कम खोडली, मग सही. तुम्हीही सही करण्यापूर्वी वाचा.

पण ज्या मुलाने काम केलं त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. पंचविशीचा असेल. आधी बॅटरीची तार काढली आणि काही मिनिटं नुसता थांबला. मी विचारलं तर म्हणाला, "आत चार्ज राहतो काका, लगेच हात लावायचा नसतो." जुना इन्फ्लेटर काढून मला लांबूनच दाखवला, जुन्या-नव्या दोन्हींचे नंबर कागदावर लिहून दिले. दीड तासाचं काम. तो कागद आरसीसोबत ठेवलाय. गाडी विकताना पुढच्याला हाच आधी दाखवीन, सर्व्हिस बुक नंतर.

म्हणून आता चार तारे. अर्धा लोअर आर्मसाठी कापला, अर्धा त्या 'पार्ट येत नाही'साठी. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट उघडण्याआधी चॅसिस नंबरचा फोटो मागा आणि तिथेच उभं राहून तपासा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा. डीलर नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर गाडी सोडा.

वहीत 9 महिन्यांचा खर्च 31,750, त्यात कूलिंग कॉइलचेच 13,200. ऑगस्टमध्ये 15 वर्षं भरतील, आरसी नूतनीकरणाचे 5,000 धरून ठेवलेत. लोअर आर्म पुढच्या महिन्यात करतोय, 'खट' आवाज आईच्या सीटखालीच येतो आणि आता ती पुन्हा पुढे बसते.