मिशन ट्रिपची तयारी: महिनोन्‌महिने बैठका की निघण्याआधीचं शिबिर?

परदेशी मिशन ट्रिप, म्हणजे सेवेसाठी आणि सुवार्ता सांगण्यासाठीचा प्रवास, ठरली की तरुणांच्या पुढाऱ्याला आधी तयारीचा मार्ग ठरवावा लागतो. दर शनिवारी भेटून चार-पाच महिने टीम घडवायची, की एखाद्या मिशन संस्थेच्या मार्फत जाऊन निघण्याआधीच्या पाच-सहा दिवसांच्या निवासी शिबिरात सगळं उरकायचं? मी दोन्ही प्रकारे गेले आहे. टीममध्ये निम्मी मुलं पहिल्यांदाच जात असतील तर माझा कौल शनिवारच्या बैठकांना आहे.

शिबिराच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. शिकवणारे अनुभवी असतात, यजमान मंडळीशी, म्हणजे तिथल्या चर्चशी, त्यांची जुनी ओळख असते, विमा आणि आणीबाणीची सोय आधीच लागलेली असते. परीक्षा आणि नोकऱ्यांच्या धावपळीत दर आठवड्याला सगळ्यांना एकत्र आणणं किती जड जातं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शिबिरात फोन बाजूला पडतात आणि सकाळच्या प्रार्थनेत सगळे खरोखर हजर असतात.

पण शिबिरात भांडायला वेळ नसतो, आणि टीमचं एक भांडण घरीच होऊन जायला हवं. पाच दिवस सगळेच एकमेकांशी गोड वागतात. आठव्या-नवव्या शनिवारी मात्र खरी माणसं दिसू लागतात: नेहमी उशिरा येणारा, सगळी कामं स्वतःकडे ओढणारी, रागावला की गप्प बसणारा. हे कळलं की समोरासमोर बसून बोलता येतं, क्षमा मागता येते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पाहा. अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना मिशनसाठी पाठवलं. त्यांचा मदतनीस योहान मार्क पंफुल्यातल्या पिर्ग्याहून परत फिरला, आणि त्याला पुन्हा न्यायचं की नाही यावरून पुढे बर्णबा आणि पौलात इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. त्यांच्यासारख्यांचं हे झालं, तर एकोणीस वर्षांच्या मुलांचं होणारच.

साक्ष, म्हणजे येशूने आपल्या आयुष्यात काय केलं हे स्वतःच्या शब्दांत सांगणं, हिच्या सरावातही मोठा फरक पडतो. दुभाष्यामार्फत बोलताना सहा मिनिटांच्या साक्षीला बारा मिनिटं लागतात, म्हणून मूळ साक्ष तीन-चार मिनिटांतच बसवावी लागते. आम्ही जोड्या करायचो: एकाने बोलायचं, दुसऱ्याने वाक्यागणिक दुसऱ्या भाषेत सांगायचं. एक मुलगी म्हणाली, “मी कोकऱ्याच्या रक्ताने धुतली गेले,” आणि दुभाषी झालेला मुलगा थांबलाच. कोकरू म्हणजे येशू आणि त्याच्या बलिदानाने पापं धुतली जातात, हे मंडळीबाहेरच्या माणसाला कसं कळणार? पुढचे तीन शनिवार ती त्या एका वाक्यावर घुटमळली. शेवटी तिने सांगितलं, “मी आईशी दोन वर्षं बोलत नव्हते. येशूने मला क्षमा केली हे कळलं, त्या रात्री मी तिला फोन केला.” हे कुठल्याही भाषेत जातं. पाच दिवसांच्या शिबिरात ती इथवर पोचली नसती.

मिशन संस्थाही हे जाणतात. १९६० साली सुरू झालेल्या ‘युथ विथ अ मिशन’च्या शिष्यत्व प्रशिक्षण शाळेत बाहेर पडण्याआधी साधारण १२ आठवडे वर्गात जातात.

कागदपत्रं आणि लसी तुमच्या निवडीसाठी थांबत नाहीत. प्रवासाच्या तारखेपुढे पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा, अशी बऱ्याच देशांची अट आहे. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरतात. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात. शिबिराचा मार्ग घेतलात तर हे सगळं ज्याचं त्याने घरून पाहायचं असतं, आणि कुणीतरी हमखास मागे राहतं. बैठकांत एकाच वहीत सगळ्यांची यादी असते. व्हिसाच्या बाबतीत तर जराही ढिलाई नको: पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करायला अनेक देशांत मनाई आहे, आणि चुकीच्या व्हिसाचा त्रास आपण परतल्यावर तिथल्या विश्वासणाऱ्यांना भोगावा लागू शकतो. यजमान मंडळीला विचारल्याशिवाय अर्ज भरू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांचं संमतिपत्रही लागू शकतं.

परतल्यानंतरचं बोलायचं तर शिबिराची टीम विमानतळावरच पांगते. तिथे पाहिलेलं दुःख मनात घेऊन मुलगा एकटा घरी जातो. घरच्या टीमला पुढचा शनिवार असतो.

तरीही तुमच्या मंडळीतून एक-दोघंच जाणार असतील, किंवा पुढाऱ्यालाच परदेशाचा अनुभव नसेल, तर निःशंकपणे शिबिराचा मार्ग घ्या. फक्त त्या मुलांना घरी प्रार्थना करणारी चार माणसं नेमून द्या आणि साक्षीचा सराव दोन महिने आधीच त्यांच्यासमोर सुरू करा. उरलेल्या सगळ्यांनी आज शनिवारची वेळ ठरवावी आणि पहिल्याच बैठकीला पासपोर्ट घेऊन यायला सांगावं.