डिव्को, मेट्रो की इकोनोलाइन? जुनी अमेरिकन डिलिव्हरी व्हॅन घेण्याआधी

अमेरिकेत राहताय आणि जुनी डिलिव्हरी व्हॅन दारात उभी करायचं खूळ डोक्यात शिरलंय? मग फिरून फिरून याच तीन नावांशी येऊन थांबाल. फोटोत तिन्ही मोहात पाडतात. पण त्या तीन वेगवेगळ्या कामांसाठी जन्मल्या, आणि तो स्वभाव आजही सुटलेला नाही.

डिव्को ही दूधवाल्याची गाडी. कंपनी १९२६ मध्ये डेट्रॉइटला निघाली. बसक्या नाकाचं ‘मॉडेल यू’ १९३७ मध्ये आलं आणि १९८६ पर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिलं. फोर्डचं मॉडेल टीसुद्धा १९ वर्षांत आटोपलं होतं! डिव्को टिकली, कारण ती दूधवाल्याची पावलं मोजून बांधली होती. त्याला दर दोन घरांमागे उतरायचं, म्हणून सीट बाजूला सारून उभ्यानेच गाडी हाकायची सोय. पेडल एकच: अर्धं दाबलं की क्लच, तळाला नेलं की ब्रेक. ॲक्सिलरेटर हाताने, स्टिअरिंगपाशी. मधली फरशी खोलगट, त्यामुळे बाटल्यांची जाळी उचलली आणि एक पाऊल टाकलं की माणूस थेट रस्त्यावर. पुढे घरोघरी फ्रिज आले, सुपरमार्केटं आली आणि दारात दूध टाकणंच मागे पडलं. आज ही गाडी चालवणं म्हणजे नव्याने ड्रायव्हिंग शिकणं आहे. हायवेवर तर नेऊच नका.

मेट्रोचा डौल वेगळा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने ती १९३८ मध्ये आणली, आणि रूप दिलं डिझायनर रेमंड लोवी यांनी. शेल या तेल कंपनीचं शिंपल्याचं बोधचिन्ह आजच्या रूपात आणणारे तेच. बॉडी कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला बनायची. पाव, टपाल, कपडे, फिरतं वाचनालय, काहीही भरा. ही गाडी म्हणजे चाकांवरची खोली. आत ताठ उभं राहून काम करता येतं, म्हणून खाण्याची गाडी थाटणारे आजही हीच शोधतात. १९७५ पर्यंत ती बनली. वेगाची अपेक्षा हिच्याकडूनही ठेवू नये.

राहिली इकोनोलाइन, १९६१ ची. फोक्सवॅगनच्या बसने अमेरिकेत जम बसवलेला पाहून फोर्डने ती काढली. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, डब्याखाली. त्यामुळे उन्हाळ्यात पोटऱ्या भाजतात आणि बोलायचं तर ओरडून. पुढे बॉनेट नाही, म्हणजे टक्कर झाली तर आधी आपलेच गुडघे. तरी तिघींत रोज वापरण्याजोगी हीच, कारण इंजिन फोर्डच्या फाल्कन या कारचंच, तेव्हा सुटे भाग शोधत वणवण करावी लागत नाही.

धंदा करायचा असेल तर मेट्रो, रोज फिरवायची असेल तर इकोनोलाइन. डिव्को हिशेबात बसत नाही, पण माझं मन तिच्यावरच आहे, हे कबूल करतो.

कुठलीही बघायला जाल तेव्हा टॉर्च आणि जुना स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. चकाकत्या रंगाकडे पाहू नका. खाली वाका, चाकांच्या कमानी आणि दाराखालची पायरी आतून टोचून बघा. पत्रा खणखणला तर पुढे बोला. टोक आत गेलं तर मालकाला चहाबद्दल धन्यवाद द्या आणि निघा.