सिस्टमडी, नऊ महिन्यांनंतर: टाकीची मोटर, गेलेली लाइट आणि सिस्टमसीटीएल

कराडला घरी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन 12 (लिनक्सचा एक डिस्ट्रो, म्हणजे प्रकार) टाकून गेले नऊ महिने सिस्टमडीवर तीन कामं चालवतोय. सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये मशीन चालू झालं की बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम. सिंकथिंगने सगळ्यांच्या फोनमधले फोटो गोळा करणं, रात्रीचा बॅकअप, आणि माझी एक पायथनची स्क्रिप्ट, जी गच्चीवरच्या टाकीतल्या सेन्सरचं रीडिंग घेते आणि टाकी भरत आली की बाबांना टेलिग्रामवर मेसेज पाठवते म्हणजे ते जाऊन मोटर बंद करतात. मी पुण्यात असतो, मशीन तिकडे, त्यामुळे जे काय करायचं ते एसएसएच करून (म्हणजे लांबून लॉगिन करून) टर्मिनलवरूनच. आधी हे सगळं नोहप (लॉगआउट झालं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) यांच्या भरवशावर होतं, आणि स्क्रिप्ट बंद पडली तर ती कधी पडली, कशामुळे पडली, काहीच कळायचं नाही.

सिस्टमडी 2010 साली आलं, डेबियनने 2015 मध्ये आठव्या आवृत्तीपासून ते डीफॉल्ट केलं, त्यावरून प्रचंड भांडणं झाली आणि देवुआन नावाचा वेगळा डिस्ट्रोच निघाला. मला पण तेव्हा जुन्या इनिट स्क्रिप्टच (सिस्टमडीच्या आधी हेच काम करणाऱ्या) बऱ्या वाटायच्या. आता नाही वाटत, आणि का ते सांगतो.

सुरुवातीला अडलो ते असं. सर्व्हिसची (म्हणजे सिस्टमडीने सांभाळायच्या प्रोग्रामची) फाइल आठ-दहा ओळींची, लिहिली, एनेबल केली, आणि सर्व्हिस चालूच नाही! एनेबल म्हणजे पुढच्या बूटला सुरू कर, आत्ता सुरू करायची असेल तर स्टार्ट वेगळं द्यायचं किंवा एनेबलला डॅश डॅश नाऊ जोडायचं. फाइलमध्ये काही बदललं की डेमन-रीलोड (फाइली परत वाचायला लावणारी कमांड), नाहीतर जुनंच चालत राहतं. सिंकथिंग मी माझ्या युजरखाली चालवतो, ते एसएसएचमधून बाहेर पडलो की बंद व्हायचं, दोन दिवस डोकं खाल्लं, शेवटी लॉगइनसीटीएलने लिंगर (लॉगआउट झालं तरी युजरच्या सर्व्हिस चालू ठेवणारी सेटिंग) चालू केलं तेव्हा सुटलं. आणि पायथनवाल्यांनो, जर्नलसीटीएलमध्ये (सर्व्हिसचे लॉग दाखवणारी कमांड) तुमचे प्रिंट दिसत नसतील तर स्क्रिप्ट अडकलीय असं समजू नका, आउटपुट बफरमध्ये पडून असतं, पायथनला अनबफर्ड चालवा, लगेच दिसेल.

पण खरा धडा मिळाला पावसाळ्यात. रात्री लाइट गेली, पहाटे आली, बायोसमध्ये सेटिंग आहे त्यामुळे मशीन आपोआप चालू झालं. सकाळी बाबांनी मोटर लावली, मेसेज आला नाही, पाणी गच्चीवरून खाली जिन्यापर्यंत. आईचा फोन, "अरे तुझं ते मशीन बघ जरा". मी लॉगिन करून सिस्टमसीटीएल (सिस्टमडीची मुख्य कमांड) स्टेटस मारलं तर लाल अक्षरात फेल्ड, आणि खाली शेवटच्या दहा ओळींत स्पष्ट लिहिलेलं की स्टार्ट रिक्वेस्ट फार पटापट येतेय म्हणून थांबलो. मी रीस्टार्टला ऑन-फेल्युअर (पडली की पुन्हा सुरू कर) लावलं होतं आणि मला वाटलं होतं की आता ही मरणारच नाही. झालं काय होतं, मशीन राउटरच्या आधी उठलं, इंटरनेट नाही म्हणून स्क्रिप्ट पडली, डीफॉल्टनुसार 100 मिलिसेकंदांत पुन्हा उठवली, पुन्हा पडली, आणि 10 सेकंदांत 5 वेळा झालं की सिस्टमडी हात टेकतं. त्यानंतर राउटर आला, इंटरनेट आलं, पण विचारणारं कुणी नव्हतं.

उपाय एका ओळीचा, रीस्टार्टसेक 20 केलं. आता 20 सेकंद थांबून प्रयत्न करते, त्यामुळे 10 सेकंदांत पाचची मर्यादा लागतच नाही. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटच्या नंतर सुरू हो असंही लिहिलंय, पण फक्त त्यावर विसंबू नका, ते आपल्या मशीनला नेटवर्क मिळालं एवढंच बघतं, राउटरच्या पुढे इंटरनेट आलंय का ते नाही.

मला जे मनापासून आवडलं ते हेच, की पुण्यात बसून दोन कमांडमध्ये रात्री कराडला काय झालं ते मिनिटासकट वाचता आलं. जर्नलसीटीएलला सर्व्हिसचं नाव आणि कधीपासूनचं हवं ते द्या, बास. आधी असं झालं असतं तर मी पुढच्या शनिवारी घरी जाऊन अंदाज बांधत बसलो असतो.

बॅकअपला टायमर लावलाय, रात्री अडीचचा. पर्सिस्टंट ट्रू लिहिलं की त्या वेळी मशीन बंद असलं तरी चालू झाल्यावर राहिलेला बॅकअप करून टाकतो, साधा क्रॉन ती वेळ सोडून देतो. लिस्ट-टायमर्समध्ये मागचा कधी झाला, पुढचा कधी, सगळं दिसतं. आमच्याकडे लाइटचा जो भरवसा आहे त्यात मला हे फार मोलाचं वाटतं.

तक्रारी आहेतच. शटडाउनला एखादी सर्व्हिस ऐकत नसेल तर डीफॉल्ट 90 सेकंद ताटकळत बसावं लागतं. सिस्टमसीटीएल एडिट करून एक्झेकस्टार्ट (कोणती कमांड चालवायची ती ओळ) बदलायचं असेल तर आधी ती ओळ रिकामी ठेवून मग नवी लिहावी लागते, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणं अवघड आहे. एनेबल, स्टार्ट, मास्क, डिसेबल यातला फरक नवीन माणसाला समजायला वेळ लागतो, आणि मॅन पेज इतकी लांब की नेमकं हवं ते सापडेपर्यंत चहा गार होतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, हिरवं ॲक्टिव्ह म्हणजे प्रोसेस जिवंत आहे एवढंच. मागच्या महिन्यात सेन्सरचं कनेक्शन लटकलं, स्क्रिप्ट तिथेच वाट बघत उभी, स्टेटस हिरवं आणि रीडिंग तीन तास जुनं. बाबा स्वतः वर जाऊन बघून आले म्हणून पाणी वाया गेलं नाही. त्यासाठी वॉचडॉगसेक आहे, पण त्यात स्क्रिप्टने स्वतः दर थोड्या वेळाने "मी ठीक आहे" असा सिग्नल द्यावा लागतो, म्हणजे कोडमध्ये हात घालावा लागतो. मी तो सिग्नल नवीन रीडिंग आल्यावरच पाठवतो, नुसता लूप फिरतोय म्हणून नाही. 60 सेकंदांवर ठेवलंय, दोन आठवडे झाले, त्यात दोनदा सिस्टमडीने स्क्रिप्ट मारून परत उठवली आणि दोन्ही वेळा रीडिंग लगेच सुरू झालं.