आईच्या तबकड्या आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स

आमच्या माळ्यावर साठेक तबकड्या तीस वर्षे पडून होत्या. जुना प्लेअर दुरुस्तीपलीकडे गेल्यावर वडिलांनी त्या धोतराच्या कापडात बांधून ठेवल्या आणि घरातले गाणे कॅसेट, सीडी असे करत शेवटी फोनवर आले. गेल्या दिवाळीत आईने त्या पुन्हा ऐकायची इच्छा बोलून दाखवली, म्हणून ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स हा टर्नटेबल घेतला. वर्षभर तो जवळजवळ रोज वाजतो आहे.

हेच मॉडेल निवडण्याचे कारण म्हणजे ते पूर्ण स्वयंचलित आहे. बटण दाबले की दांडी आपोआप उचलली जाते, तबकडीच्या कडेवर येते आणि सुई अलगद टेकते. बाजू संपली की दांडी जागेवर परत जाते आणि तबकडी थांबते. आईचा हात आता थरथरतो, त्यामुळे सुई हाताने ठेवावी लागणारा प्लेअर तिच्या उपयोगाचा नव्हता. हा ती एकटी लावते. तबकडीवर ध्वनीची खोबण कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर चढवलेले असतात. तो तोल पूर्ववत करणारा फोनो प्रीअँप यात आतच बसवलेला आहे. स्पीकर मात्र वेगळे घ्यावे लागतात.

आवाजाविषयी सांगायचे तर किशोरीताई आमोणकरांच्या त्या तबकडीवरूनच सांगतो, जिच्या एका बाजूला भूप राग आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. सुई टेकल्यावर क्षणभर बारीक सरसर ऐकू येते, मग तानपुरा खोली भरून टाकतो आणि त्यातून आवाज उगवतो. फोनवर हाच भूप मी अनेकदा ऐकला होता, पण नेहमी काहीतरी दुसरे करताना. ख्याल आणि तबकडी यांचे एक विचित्र नातेही येथे लक्षात येते. तबकडी सतत एकाच गतीने फिरत असली, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण सरकते आणि लेबलाजवळ पोहोचेपर्यंत तीच जेमतेम २० सेंटिमीटरवर येते. म्हणजे ख्यालाच्या सुरुवातीच्या शांत आलापाला ऐसपैस जागा मिळते आणि शेवटच्या, द्रुत लयीतल्या ताना सर्वांत दाटीच्या भागात येतात. यात असलेल्या साध्या, गोल टोकाच्या सुईची खरी परीक्षा तेथेच होते. आमच्या पुष्कळ वाजलेल्या प्रतीत शेवटच्या तानांना किंचित खरखर येते. चांगल्या अवस्थेतल्या तबकड्यांवर ती मला जाणवली नाही.

दोन मर्यादा घेण्यापूर्वी माहीत असाव्यात. सुईचा दाब ठरलेला असतो, तो आपल्याला बदलता येत नाही, आणि हौस वाढल्यावर एखाद्याला हे अडचणीचे वाटेल. शिवाय वेग मिनिटाला ३३ १/३ आणि ४५ फेरे असे दोनच आहेत. आमच्याकडच्या लाखेच्या ७८ वेगाच्या सात तबकड्या त्यामुळे अजून मुक्याच आहेत. त्यांची खोबणही रुंद असते आणि तिला वेगळी सुई लागते.

तबकड्या मात्र आधी धुवाव्यात. कोकणातल्या दमट हवेने आमच्या तबकड्यांवर बुरशी धरली होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एक थेंब टाकून, लेबल कोरडे राखून आणि मऊ फडक्याने खोबणीच्या दिशेनेच पुसून आम्ही त्या स्वच्छ केल्या. या कामाला दोन रविवार लागले, पण पहिल्याच धुतलेल्या तबकडीवर तबल्याची शाई (मधला काळा भाग) आणि चाट (कडेचा भाग) वेगवेगळी ऐकू आली, तेव्हा त्या श्रमांचे चीज झाले.

आता संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक बाजू लागते. वीस-बावीस मिनिटे कोणी फोन उचलत नाही, आणि मी मध्येच काही विचारले तर आई हात वर करून म्हणते, "अरे, बाजू संपू दे, मग बोल." घरात जुन्या तबकड्या असतील आणि त्या फारशी खटपट न करता ऐकायच्या असतील, तर हा प्लेअर निःशंकपणे घ्यावा, असे माझे मत आहे.

गेल्या आठवड्यात सुई बदलली. ती बोटांनी ओढून निघते आणि नवी दाबून बसवता येते. आईने टॉर्च धरला, दहा मिनिटांत काम झाले, आणि त्या रात्री तिने पुन्हा भूपाचीच बाजू लावली.