बीएस्सी फिजिक्स आणि बीएस्सी मॅथ्स, दोन्ही डिग्रींचा रिव्ह्यू (पुणे युनिव्हर्सिटी)

बारावी सायन्स झालंय, इंजिनीअरिंग नको, मेडिकल नको, मनापासून सायन्सच शिकायचंय आणि आता फिजिक्स घेऊ की मॅथ्स यात गाडी अडकलीये, अशा मुलामुलींसाठी लिहितेय. मी बीएस्सी फिजिक्स केलं, माझ्या धाकट्या बहिणीने त्याच कॉलेजातून मॅथ्स. कॉलेजचं नाव टाकत नाही कारण थोड्या तक्रारी आहेत आणि त्या फक्त त्याच कॉलेजपुरत्या आहेत असं मला वाटत नाही. घरात एकच टेबल, त्यावर एका बाजूला माझं जर्नल आणि दुसऱ्या बाजूला तिच्या प्रूफ्सचे कागद, त्यामुळे दोन्ही डिग्र्या जवळून बघितल्यात.

पहिली गोष्ट, बारावीच्या मार्कांवरून ठरवू नका. बोर्डाला फिजिक्स ७० ची थिअरी अधिक ३० चं प्रॅक्टिकल, मॅथ्स ८० अधिक २०, आणि दोन्हीकडे ठराविक टाइपची गणितं घोटली की मार्क पडतात. मॅथ्सला पंच्याण्णव आले म्हणजे इंटिग्रेशन फटाफट येतं, एवढंच त्यातून कळतं. डिग्रीच्या मॅथ्समध्ये सुरुवातीचं कॅल्क्युलस संपलं की इंटिग्रल काढत बसायचं नसतं, तो इंटिग्रल मुळात असतो का आणि का असतो हे सिद्ध करायचं असतं, आणि इथेच खूप हुशार मुलं एफवायच्या दुसऱ्या महिन्यात गडबडतात. (एफवाय म्हणजे पहिलं वर्ष, टीवाय म्हणजे तिसरं.)

मला विचाराल तर खरा प्रश्न एकच आहे, तुम्हाला उत्तर पटतं कधी?

साधा पेंड्युलम घ्या. फिजिक्सच्या लॅबमध्ये आपण कोन लहान धरतो आणि साइन थीटाच्या जागी सरळ थीटा लिहितो. १० अंशांना थीटा ०.१७४५ रेडियन आणि साइन ०.१७३६, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा, आणि पिरियडमध्ये (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळात) तर तो जेमतेम ०.२ टक्के उतरतो. आता एक मीटर दोरीचा पिरियड साधारण २ सेकंद, २० ऑसिलेशन्सना ४० सेकंद, स्टॉपवॉच दाबताना हात ०.२ सेकंद मागेपुढे झाला तरी अर्धा टक्का गेला, म्हणजे आपण गाळलेला भाग आपल्या मोजण्याच्या चुकीतच बुडून जातो. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता की काय सांगू, कारण काय सोडून दिलं तर चालतं हे ठरवणं हेच अर्धं फिजिक्स आहे. बहिणीला सांगितलं तर तिचा प्रश्न वेगळाच, साइनच्या सिरीजमधल्या थीटानंतरच्या ज्या टर्म्स तू गाळल्यास त्या सगळ्या मिळून किती मोठ्या होऊ शकतात, त्याला वरची मर्यादा काय, ती सिद्ध केलीस का? दोन्ही प्रश्न अस्सल आहेत. तुमच्या डोक्यात यातला कुठला आपोआप येतो ते बघा.

आता फिजिक्सबद्दल. आठवड्यातल्या दुपारच्या दुपारी लॅबमध्ये जातात, हे प्रॉस्पेक्टसमधे वाचून लक्षात येत नाही. न्यूटन्स रिंग्स, झीनर डायोड, स्पेक्ट्रोमीटर, रीडिंग घ्या, ग्राफ काढा, एरर काढा, जर्नल लिहा, सही घ्या, वर्षाच्या शेवटी एक्स्टर्नलसमोर व्हायवा. ज्यांना ब्लॅक होल्स आणि क्वांटमचे व्हिडिओ बघून फिजिक्स घ्यावंसं वाटतंय त्यांनी हे नीट समजून घ्या, कारण आमच्या बॅचमधली बरीच मुलं याच ठिकाणी वैतागली. पण सोडियमचा दिवा तापून पिवळा होतो, ग्रेटिंगमधून (बारीक समांतर रेघा असलेल्या काचेतून) दुर्बिणीत बघितलं की ती एक पिवळी रेघ दोन रेघांत फुटलेली दिसते, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, आणि मग टीवायला अ‍ॅटॉमिक फिजिक्समध्ये कळतं की ही फट इलेक्ट्रॉनच्या स्पिन नावाच्या अंगभूत गुणामुळे पडलेली आहे आणि ती आपण आपल्या डोळ्यांनी आधीच बघितलीये. हे सुख मॅथ्समध्ये नाही. 

तक्रार अशी की आमच्याकडे एका सेटवर पाच-सहा जण असायचे, एक जण रीडिंग घेणार आणि बाकीचे उतरवणार, काही सेट तर नुसतेच कपाटात. असं असेल तर फिजिक्सच्या डिग्रीचा निम्मा जीव गेला समजा. दुसरं म्हणजे फिजिक्सला लागणारं मॅथ्स वेळेवर येत नाही. मॅथेमॅटिकल मेथड्सचा पेपर येईपर्यंत बाकीच्या पेपरांत व्हेक्टर कॅल्क्युलस वापरून झालेलं असतं, क्वांटमला लिनिअर अल्जेब्रा लागतो तो बहिणीच्या वहीतून शिकले मी.

मॅथ्सचं उलट आहे. लॅब जवळपास नाही, प्रॅक्टिकल असतात पण बरेचसे पायथन किंवा प्रॉब्लेम सेशनवाले. वेळ भरपूर मिळतो आणि तो सगळा एका ओळीवर जाऊ शकतो. तिचा ग्रुप थिअरीचा अगदी पहिला होमवर्क मला आठवतो, ग्रुपमध्ये (ठराविक नियम पाळणारा गुणाकार असलेल्या संचात) आयडेंटिटी, म्हणजे ज्याने गुणलं तरी काही बदलत नाही असा एलिमेंट, एकच असते हे सिद्ध करा. दोन आयडेंटिटी माना, ई आणि एफ, त्यांचा गुणाकार एका बाजूने ई यायला हवा आणि दुसऱ्या बाजूने एफ, म्हणून ई आणि एफ एकच. संपलं. ही एक ओळ वाचायला सोपी आहे पण आपली आपण सुचायला एक अख्खी संध्याकाळ लागते. मग लॅग्रांजचं थिअरम येतं (सबग्रुपमधल्या एलिमेंट्सची संख्या पूर्ण ग्रुपच्या संख्येला भाग देते) आणि त्यातून निघतं की ज्या ग्रुपमध्ये ७ एलिमेंट्स आहेत तो सायक्लिकच असणार, म्हणजे एकच एलिमेंट पुन्हा पुन्हा गुणून सगळे मिळणार, दुसरा पर्यायच नाही, कुठलंही रीडिंग न घेता, कायमचं. बहीण हे समजावताना उभी राहिली होती टेबलापाशी.

मॅथ्सची तक्रार शिकवण्याबद्दल. पुष्कळ ठिकाणी प्रूफ फळ्यावर लिहून देतात, मुलं पाठ करतात आणि परीक्षेत तेच प्रूफ लिहून मार्क घेतात. अशाने डिग्री मिळेल, मॅथ्स मिळणार नाही. बहिणीचं मॅथ्स खऱ्या अर्थाने बाहेर झालं, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे (गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये काढलेली मॅथ्सची संस्था), आणि एमटीटीएस नावाचं मॅथ्सचं समर ट्रेनिंग आहे जे १९९३ पासून चालू आहे, तिथे विद्यार्थ्यालाच प्रश्न विचारून विचारून प्रूफ काढायला लावतात. फिजिक्सवाल्यांसाठी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा एनआययूएस हा डिग्रीच्या विद्यार्थ्यांसाठीचा प्रोग्राम बघा.

एकदा क्वांटमच्या लेक्चरला सरांनी डिरॅक या फिजिसिस्टच्या नावाचं डेल्टा फंक्शन लिहिलं, एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य, खालचं क्षेत्रफळ १, आणि पुढे निघाले. घरी दाखवलं तर बहीण म्हणाली, ताई हे फंक्शनच नाहीये. आणि नेहमीच्या व्याख्येने नाहीच आहे. फिजिक्सवाले ते बिनदिक्कत वापरत होते आणि उत्तरं बरोबर येत होती, मग १९४० च्या दशकात लॉरां श्वार्ट्झ या गणितज्ञाने डिस्ट्रिब्युशन्सची (फंक्शनची कल्पना व्यापक करणारी) थिअरी मांडून त्याला पक्का पाया दिला, १९५० मध्ये त्याला फील्ड्स मेडल हा मॅथ्समधला मोठा सन्मान मिळाला. हा किस्सा वाचून तुम्हाला डिरॅकच्या जागी असावंसं वाटलं की श्वार्ट्झच्या, त्यावरूनही बरंच ठरतं.

लोक विचारतात की नंतर बदलता येतं का. येतं, पण दोन्ही दिशांना सारखं नाही. जयंत नारळीकर केंब्रिजला मॅथेमॅटिकल ट्रायपॉस (तिथली मॅथ्सची परीक्षा) करून, १९५९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे त्यात पहिले, होऊन, अ‍ॅस्ट्रोफिजिक्सकडे गेले आणि पुढे पुण्यात १९८८ ला आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, म्हणजे थिअरीकडे जायचं असेल तर मॅथ्सचा रस्ता बंद नाही. पण एक्सपेरिमेंटल फिजिक्स करायचं असेल तर लॅबची वर्षं नंतर भरून काढणं फार कठीण. फिजिक्सवरून प्युअर मॅथ्सला जाणाऱ्यांना अ‍ॅनालिसिस आणि अल्जेब्रा पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. जॅम या एमएस्सी प्रवेशाच्या परीक्षेत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही पेपर देता येतात, पण एमएस्सीची पात्रता प्रत्येक संस्था आपापली ठरवते, ती आधी वाचा.

आणि ज्यांना आत्ता ठरवताच येत नाहीये त्यांनी घाई करू नये. आयसर पुण्यात (सायन्सची केंद्रीय संस्था) सुरुवातीला सगळे विषय शिकवतात, मुंबईत कलिना कॅम्पसवर सीईबीएस ही सायन्सची संस्था आहे तिथेही पहिलं वर्ष एकत्र, त्याला नेस्ट नावाची प्रवेश परीक्षा. चेन्नईच्या सीएमआयमध्ये (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) तर बीएस्सी ऑनर्स डिग्रीच मॅथ्स आणि फिजिक्स दोन्हींची आहे. या परीक्षा अवघड आहेत पण फॉर्म भरा, गावाकडच्या मुलांपर्यंत ही नावंच पोचत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

नोकरीबद्दल थोडक्यात, दोन्हीकडे नुसत्या बीएस्सीवर थांबणं अवघड. फिजिक्सला एमएस्सीनंतर बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) ट्रेनिंग स्कूल आहे, मॅथ्सला अ‍ॅक्चुरिअल (विम्यातली जोखीम मोजण्याची) आणि डेटाची कामं जास्त जवळची, शिक्षक व्हायला बीएड किंवा नेट-सेट दोघांनाही.

माझं रेटिंग, डिग्री म्हणून दोन्हींना पाचपैकी चार, पण फिजिक्सचे चार लॅब चांगली असेल तरच, नाहीतर अडीच. त्यामुळे अ‍ॅडमिशनआधी कॉलेजात जाऊन टीवायच्या मुलांना गाठा आणि एका सेटवर किती जण असतात ते विचारा, मॅथ्सच्या मुलांना विचारा की शेवटचं प्रूफ स्वतःचं स्वतः कधी काढलं होतं. आता एनईपीमध्ये (नव्या शैक्षणिक धोरणात) मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोड विषय, आलंय तर फिजिक्स मेजर घेणाऱ्यांनी मायनर मॅथ्सच घ्यावं, सोपं म्हणून दुसरं काही घेऊ नये, टीवायच्या क्वांटमला त्याची गरज लागतेच.