वेब टर्मिनलचं लॉगिन अडलं: पॉलिसीचं मॉड्यूल लिहावं की एसएसएचवर जावं?

लातूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये शेलइनअबॉक्स (ब्राउझरमध्ये लिनक्सचं टर्मिनल देणारी सेवा) बसवलं होतं. 4200 पोर्टवर पान उघडायचं, पण पासवर्ड बरोबर असूनही 'लॉगिन इनकरेक्ट'च यायचं. एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला काय करता येईल हे नियमांनी ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा-व्यवस्था. तिची सक्ती तात्पुरती थांबवणारं 'सेटएन्फोर्स 0' दिलं आणि लगेच आत. म्हणजे अडवणूक एसईलिनक्सचीच. (ही आज्ञा दोन मिनिटांच्या तपासापुरती, लगेच परत 1 करा.)

पहिला मार्ग मॉड्यूलचा, म्हणजे एसईलिनक्सच्या पॉलिसीत (नियमसंचात) जादा नियमांची भर घालण्याचा. 'ऑसर्च -एम एव्हीसी' देऊन एसईलिनक्सने दिलेले नकार लॉगमध्ये शोधायचे, 'ऑडिट2अलाउ'ने मॉड्यूल बनवून 'सेमॉड्यूल'ने चढवायचं. सोपं वाटतं, पण काही नकार डोन्टऑडिट (नकाराची नोंद करू नका असं सांगणाऱ्या) नियमांमुळे लॉगमध्ये दिसतच नाहीत. 'सेमॉड्यूल -डीबी' दिल्यावर ते दिसतात; काम झालं की ते नियम परत लागू करणारं 'सेमॉड्यूल -बी' विसरू नका. मला खरी भीती वाटते ती तयार झालेल्या नियमांची. त्यात शॅडो_टी (पासवर्डच्या फाइलवरचं एसईलिनक्सचं लेबल) दिसलं, तर ब्राउझरसमोर उघड्या असलेल्या सेवेला पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) वाचायची मुभा देतोय, हे ध्यानात घ्या. न वाचता असं मॉड्यूल चढवणं म्हणजे घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवणं.

दुसरा मार्ग: शेलइनअबॉक्सच्या सेटिंगमध्ये सेवेचा प्रकार 'लॉगिन'ऐवजी 'एसएसएच' (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) ठेवायचा. मग पासवर्ड तपासतं एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर), आणि त्याची पॉलिसी आधीच तयार असते. एसएसएचडी चालू हवं, आणि रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) पासवर्डने सहसा येता येत नाही. ते बरंच आहे.

मी एसएसएचच निवडलं. सेवेला एसएसएच चालवू देणारा एखादा नियम लागलाच, तर तेवढाच वाचून द्यावा.